पाऊस कुणासाठी मागायचा

टेक्ससचे गव्हर्नर रिक पेरी यांनी २०११च्या एप्रिलमध्ये सरकारी जाहीरनामा काढून लोकांना पावसासाठी प्रार्थना करायला सांगितलं. तारखा होत्या २२ ते २४, म्हणजे उत्तम शुक्रवारपासून ईस्टरपर्यंत. पाऊस आला नाही. मे गेला, जून गेला. तळ्यांचे तळ भेगाळले, चारा मिळेना, रँचवाले पिढ्यानपिढ्या जपलेली गुरं ट्रकात घालून बाजारात न्यायला लागले. टेक्ससच्या इतिहासात एवढं कोरडं वर्ष नोंदलेलं नाही. ह्यूस्टनला त्या ऑगस्टमध्ये पहिल्या तारखेपासून सलग २४ दिवस दुपारी पारा शंभर अंश फॅरनहाइटला पोचला.

त्याच ऑगस्टच्या ६ तारखेला, शनिवारी, गव्हर्नरांनी रिलायंट स्टेडियममध्ये उपास आणि प्रार्थनेसाठी लोकांना बोलावलं. या वेळी विषय नुसता पाऊस नव्हता, सगळं राष्ट्र होतं. नाव ‘द रिस्पॉन्स’. खर्च ‘अमेरिकन फॅमिली असोसिएशन’ ही संस्था करणार होती. सरकारी पदावरच्या माणसाने असं आवतण देऊ नये म्हणून ‘फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन’ने खटला भरला होता. ‘तुमचं यात प्रत्यक्ष नुकसान काय झालं’ या मुद्द्यावर तो निकालात निघाला. कायद्याचं मी एवढंच सांगू शकते. माझा प्रश्न कायद्याचा नव्हताच.

मी नर्स. स्टेडियम आणि टेक्सस मेडिकल सेंटर यांच्यात मेट्रोरेलची जेमतेम काही स्टेशनं. नाइट ड्यूटी संपवून वॉर्डातली एक बॅप्टिस्ट मैत्रीण आणि मी तशाच गाडीत बसलो. तिला देशाची काळजी होती. मला कुतूहल होतं. शिवाय उपासाची सवय होती, कारण नाइटनंतर मी नाहीतरी काही खात नाही. आदल्या संध्याकाळीच अमेरिकेचं पतमानांकन इतिहासात पहिल्यांदा घसरल्याची बातमी आली होती. गाडीतले लोक त्यावर बोलत होते, ते थेट अरिष्टाच्या भाषेत.

आत एसी होता आणि छप्पर बंद होतं. एक्काहत्तर हजारांच्या जागेत सुमारे ३० हजार माणसं, त्यामुळे वरचे मजले रिकामे दिसत होते. (याच आवारातल्या शेजारच्या इमारतीत २०१७ साली हार्वी वादळानंतर हजारो बेघर लोक राहिले. ती जागा मला आता त्यासाठी जास्त आठवते.) सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत गायन, शास्त्रपाठ, प्रार्थना. गोरे, काळे, मेक्सिकन, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, वॉकर घेऊन आलेले म्हातारे. योएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा आधार घेतला होता. टोळधाड आणि अवर्षणाने देश उजाड झालाय, तेव्हा उपास नेमा, सगळ्यांना गोळा करा, म्हाताऱ्यांना आणा, अंगावरच्या पोरांना आणा, नवरा-नवरीलाही खोलीतून बाहेर बोलवा, असा त्याचा आशय. दुष्काळी मुलुखातल्या माणसाला हे पुस्तक समजावून सांगावं लागत नाही. मी नेवासा तालुक्यातली.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मी बहुसंख्यांत बसले होते.

आमच्याकडे मिशन आलं १८३१ साली, अमेरिकन मराठी मिशन. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा त्या मिशनमधला. तेव्हापासून आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतले, आणि शिवाय ‘साहेबाच्या धर्माचे’. नारायण वामन टिळकांसारख्या कवीने देशावर जीव ओवाळून टाकला, मिशनची नोकरी सोडून १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला, तरी आमच्याकडे बघणाऱ्यांच्या डोळ्यांतली शंका गेली नाही. त्यामुळे आमच्या मंडळीत देशासाठी प्रार्थना व्हायची ती जरा मोठ्याने. दर रविवारी राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, सैन्य, सगळे घेतले जायचे. १५ ऑगस्टला तर खिडक्या मुद्दाम उघड्या असायच्या. पाळकसाहेब रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल असं बोलायचे. लहानपणी वाटायचं, देव लांब आहे म्हणून ओरडताहेत. मग कळलं की काही वाक्यं देवासाठी नसतात.

आणि इथे, ह्यूस्टनमध्ये, ३० हजार ख्रिस्ती माणसं बसलेली, ज्यांच्यापैकी कुणालाही आपण या देशाचे आहोत हे सिद्ध करायचं नव्हतं. त्यांच्या मनात त्याची शंकाही नव्हती. देश त्यांचा होता, बिघडला होता, आणि तो परत जाग्यावर आणायचा होता. सुरुवातीचा तासभर मला ते फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या देवाचं नाव एवढ्या मोठ्या आवाजात, एवढ्या निर्धास्तपणे घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्या वॉर्डातला श्वसनोपचारवाला पाकिस्तानी सहकारी आठवला, रात्री सोबत रुग्ण उचलणारा तेलुगू डॉक्टर आठवला, आणि स्टेडियमबाहेर फलक घेऊन उन्हात उभी असलेली निषेधवाली पोरं आठवली. त्यांना आतला हा आवाज कसा ऐकू येत असेल ते मला नेमकं माहीत होतं. गावात दुसऱ्यांच्या मिरवणुकीचे कर्णे आमच्या वस्तीवरून जाताना आई दार लोटून घ्यायची. घाबरून नव्हे, उगाच नजरेत यायला नको म्हणून.

बाहत्तरच्या दुष्काळात मी शाळकरी होते. मोठी माणसं खडी फोडायला जायची, आम्हा पोरांना सुकडी मिळायची, आणि घरात तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी. तो मिलो अमेरिकेचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चव अशी की पोरं भाकरी गिळायला पाणी मागायची, आणि पाणीच नसायचं. गावात मधली विहीर आमच्यासाठी नव्हती. कायद्याने होती, पण गावाने नव्हती. आमची विहीर ओढ्याकाठची, ती आधी आटली. त्या वर्षी गावातली पोरं डोक्याला निंबाचा पाला बांधून धोंडी मागत दारोदार फिरली आणि आमच्या वस्तीत आमचे वडील, आप्पा, रोज संध्याकाळी प्रार्थना घ्यायचे. आप्पा मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांची प्रार्थना म्हणजे हजेरीपट असायचा. ते विहिरींची नावं घ्यायचे. ओढ्याची विहीर, मळ्यातली विहीर, वरची बारव, आणि मग मधली विहीर, जिच्या काठाला त्यांना हात लावता येत नव्हता. तिचंही नाव रोज, त्याच आवाजात. माझ्या थोरल्या चुलत्यांना हे आवडायचं नाही. ‘तिथं पाणी लागलं तर आपल्याला काय मास्तर?’ असं त्यांनी एकदा प्रार्थना संपायच्या आतच विचारलं होतं. आप्पांनी उत्तर दिलं नाही, पुढची विहीर घेतली.

स्टेडियममध्ये मी दिवसभर वाट बघत होते की कुणी मधल्या विहिरीचं नाव घेतंय का.

मंचावर पश्चात्ताप खूप झाला. गर्भपातासाठी झाला, तरुणांच्या भरकटण्यासाठी झाला, कुटुंबं मोडल्याबद्दल झाला, देवाला विसरल्याबद्दल झाला. त्यातल्या एकेका विषयावर माझी मतं आहेत, ती इथे मांडत बसत नाही. पण मी जे ऐकलं त्यातला बराचसा पश्चात्ताप गैरहजर लोकांच्या वतीने चालला होता. जे चुकले ते बाहेर होते आणि जे रडत होते ते आत. पापाची कबुली देताना आवाज कसा खाली जातो हे नर्सला पुष्कळदा ऐकायला मिळतं. पहाटे तीनला माणसं नर्सला काय काय सांगतात. त्या आवाजात आणि आरोपाच्या आवाजात फरक असतो, आणि ध्वनिक्षेपकावरून तो लपत नाही.

एक अपवाद. दुपारी आम्हाला शेजारच्या तिघा-चौघांचा गट करून प्रार्थना करायला सांगितलं. माझ्या पलीकडे सॅन अँजेलोकडची एक साठीची बाई होती. हातांना राबल्याचे घट्टे. तिने आधी पाऊस मागितला. आपण किती गायी विकल्या ते सांगताना तिने गायींची नावं घेतली. मग बराच वेळ थांबून म्हणाली की आपल्या तळ्यावर भावाची गुरं येत होती आणि मेमध्ये आपण फाटकाला कुलूप घातलं. एवढंच. तिने देशाचं नाव काढलं नाही. मला त्या दिवसातली तेवढीच राष्ट्रासाठी केलेली प्रार्थना वाटली. मी तिच्यासाठी मराठीत प्रार्थना केली, कारण इंग्रजीत मला अशा वेळी शब्द सापडत नाहीत. तिने शेवटी ‘आमेन’ म्हटलं, नेमकं कुठे म्हणायचं ते तिला बरोबर कळलं.

गव्हर्नरांची प्रार्थना मला वाटली होती त्यापेक्षा साधी निघाली. बाजारातली भीती, सरकारातला राग, घराघरांतली भांडणं हे त्यांनी देवापुढे ठेवलं. ज्या राष्ट्राध्यक्षाला निवडणुकीत पाडायचा त्यांचा बेत सगळ्यांना दिसत होता, त्याच्यासाठी शहाणपण मागितलं, त्याच्या कुटुंबाला सांभाळ म्हटलं. देव कुठल्या पक्षाचा नाही असंही बोलले. त्यांच्यावर ढोंगाचा आरोप करणारे लेख मी नंतर बरेच वाचले. मला तो आरोप पटत नाही. माणूस खऱ्या मनाने प्रार्थना करू शकतो आणि त्याच वेळी कॅमेऱ्याचं भानही ठेवू शकतो. आमचे पाळकसाहेब खिडक्या उघड्या ठेवायचेच की. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू दार लावून एकांतात मागायला सांगतो, आणि योएल सगळ्यांना चव्हाट्यावर बोलावतो. दोन्ही एकाच पवित्र शास्त्रात आहे, त्यामुळे उघड्यावरची प्रार्थना म्हणजे दांभिकपणा असा सोपा निकाल लावता येत नाही.

आणि सत्तेतल्या माणसाने देवापुढे पाऊस मागणं मला परकं कसं वाटावं? आषाढीला आपले मुख्यमंत्री पंढरपुरात सपत्नीक शासकीय महापूजा करतात आणि बाहेर येऊन सांगतात की पाऊसपाणी चांगलं होऊ दे, बळीराजा सुखी होऊ दे, म्हणून विठुरायाला साकडं घातलं. लहानपणी रेडिओवर ही बातमी लागली की आई विचारायची, ‘आपल्यासाठी पण मागितलं असेल का हो?’ आप्पा म्हणायचे, ‘पाऊस काय यादी बघून पडतो?’ ते येशूच्याच शिकवणुकीतलं होतं, चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच पडणारा पाऊस. आम्ही पंढरपूरला गेलो नाही, पण तिथे मागितलेल्या पावसात आमचंही रान भिजायचं, आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

मग ह्यूस्टनमध्ये का वाटलं? पुष्कळ विचार केल्यावर मला एक कारण दिसतं. पंढरपुरात पाऊस मागताना कुणी असं म्हटलं नाही की नेवाशाकडचे काही लोक इथे येत नाहीत म्हणून पाऊस पडत नाही. स्टेडियममधल्या विचाराचा सांगाडाच तो होता: राष्ट्र देवापासून वळलं, म्हणून हे सगळं होतंय. अवर्षण, कर्ज, घसरलेली पत, सगळं एका माळेत. एकदा ही माळ ओवली की पुढचा प्रश्न आपोआप येतो, वळवलं कुणी? त्याचं उत्तर स्टेडियमच्या आत सापडणं शक्यच नव्हतं. आयसीयूच्या बाहेर बसलेली माणसं मला हेच विचारतात, कुठल्या पापाचं हे फळ, आणि विचारता विचारता सुनेकडे बघतात. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला बघून शिष्यांनीही तेच विचारलं होतं, पाप याचं की याच्या आईबापाचं? येशूने तो हिशोबच मांडू दिला नाही.

अशा मेळाव्यांत इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातलं एक वचन हटकून येतं. देवाच्या लोकांनी नम्र होऊन प्रार्थना केली तर तो त्यांचा देश बरा करील, या अर्थाचं. शलमोन राजाने मंदिर बांधलं तेव्हाचं ते अभिवचन. त्याच्या आदल्याच ओळीत पाऊस न पडण्याचा आणि टोळांचा उल्लेख आहे, त्यामुळे दुष्काळात ते कुणालाही आपलंच वाटावं. पण ते ज्या प्रार्थनेचं उत्तर आहे, ती शलमोनाची प्रार्थना एक अध्याय मागे आहे आणि ती सहसा कुणी वाचत नाही. तिच्यात तो परदेशी माणसासाठी मागतो. दूर देशाहून आलेला, आपल्यातला नसलेला कुणी या घराकडे तोंड करून प्रार्थना करील, तेव्हा तो जे मागेल ते त्याला दे, असं राजा म्हणतो. घराच्या वास्तुशांतीच्या दिवशीच त्याने पाहुण्याचा हक्क लिहून ठेवला.

दानीएलाचंही तसंच. आपल्या लोकांची पापं तो ‘आम्ही’ म्हणून कबूल करतो, स्वतः निर्दोष असून. स्टेडियममधल्या लोकांनीही ‘आम्ही’च म्हटलं, पण दानीएल बाबेलात कैदी होता. परक्या राजाच्या दरबारात त्याला मोठं पद होतं, पण स्वतःचा देश हातून गेला होता. यिर्मयाने तर बाबेलात धरून नेलेल्या आपल्या माणसांना पत्र लिहिलं की तिथे घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या सुखात तुमचं सुख आहे. ज्यांनी आपल्याला धरून नेलं त्यांच्या शहरासाठी! माझ्या मते देशासाठीच्या प्रार्थनेचं यापेक्षा कठीण आणि यापेक्षा खरं उदाहरण शास्त्रात नाही. पवित्र शास्त्रातल्या अशा प्रार्थनांत जीव आहे तो हरलेल्यांचा, दुसऱ्याच्या राज्यात राहणाऱ्यांचा. देशाच्या मालकाने त्या उसन्या घेतल्या की शब्द तेच राहतात आणि अर्थ उलटा होतो. हे मला स्टेडियममध्ये कळलं याचं कारण मी तिथे ग्रीन कार्डावर बसले होते, मतदार म्हणून नव्हे.

त्या दिवशी घरी आल्यावर बातमी लागली. अफगाणिस्तानात वर्दक प्रांतात अमेरिकन सैन्याचं चिनुक हेलिकॉप्टर पाडलं गेलं होतं, ३८ माणसं मेली. त्यातले ३० अमेरिकन. उरलेले आठ अफगाण, सात सैनिक आणि एक दुभाषी. टीव्हीवर तिसांचा आकडा मोठ्या अक्षरांत होता. रविवारी आमच्या लहानशा चर्चमध्ये मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडे होती. मी ३८ म्हटलं, आणि पाडणाऱ्यांच्याही आया असतील असं एक वाक्य घातलं. उपासनेनंतर व्हिएतनाममध्ये लढलेले एक आजोबा माझ्याकडे आले. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, दुभाष्याची आठवण ठेवलीस ते बरं केलंस, आमचा दुभाषी आम्ही तिथेच सोडून आलो. शेवटच्या वाक्याबद्दल काहीच बोलले नाहीत. त्यांना ते आवडलं नसणार, आणि त्यांना तो हक्क आहे.

पुढच्या शनिवारी, १३ ऑगस्टला, पेरी यांनी साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. जानेवारीत मागे घेतली. माझी बॅप्टिस्ट मैत्रीण बरेच दिवस त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती. मी तिला थट्टेने विचारलं नाही.

पावसाचं असं झालं. सप्टेंबरच्या सुरुवातीला आखातात ‘ली’ नावाचं वादळ उठलं आणि सगळं टेक्सस आशेने आभाळाकडे बघायला लागलं. वादळ लुइझियानात शिरलं. पाऊस तिकडे कोसळला, आमच्याकडे आला तो त्याचा नुसता कोरडा वारा. त्या वाऱ्याने ४ सप्टेंबरला बॅस्ट्रॉपजवळ झाडं विजेच्या तारांवर पडली, वणवा पेटला, सोळाशेहून जास्त घरं जळाली, दोघं मेले. ज्यांनी प्रार्थना केली होती त्यांचीही घरं त्यात होती, आणि ज्यांनी केली नव्हती त्यांचीही.

त्या आठवड्यात गावाकडून धाकट्या भावाचा फोन आला. टीव्हीवर आग बघून काळजीत होता. मी ठीक आहे म्हटल्यावर त्याने विचारलं, ‘ताई, तिकडं गव्हर्नरनं स्टेडियम भरून पाऊस मागितला म्हणे. पडला का?’

‘पडला,’ मी म्हटलं, ‘शेजारच्या राज्यात.’

तो इतका हसला की फोन वहिनीने घेतला. मागून त्याचा आवाज येत होता, ‘आपलंच आहे की सगळं! आपण इथं मागायचं आणि त्यानं घाटाखाली कोकणात ओतायचं. त्यांना सांग, पुढच्या वेळी पत्ता नीट घाला!’